निर्बंध लागूनही तेल विकलं जातं, मग गॅसवर युरोप का अडला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०२२ पासून रशियावर इतके निर्बंध आले, तरी त्याचं तेल विकलं जातंच आहे. मग हा सगळा देखावा का? आणि देखावाच असेल तर त्याच वर्षी गॅसवरून युरोपची एवढी दैना कशी झाली? आपण 'तेल आणि गॅस' एका दमात म्हणतो, तिथेच घोटाळा होतो. तेल जहाजातून जातं, गॅस मुख्यतः नळातून. राजकारणातला निम्मा फरक तेवढ्यानेच पडतो.

आधी तेल. मी बरीच वर्षं जहाजी मालाच्या कागदपत्रांचं काम केलं, त्यामुळे माझी नजर पहिल्यांदा कागदावर जाते. टँकर निघतो तेव्हा त्याच्यामागे कागदांची चळत असते: बिल ऑफ लेडिंग (माल जहाजात चढल्याची पावती), बँकेची एलसी (पैसे देण्याची हमी), माल कुठल्या देशातला याचा दाखला आणि जहाजाचा विमा. यातला विमा कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. तेल सांडलं तर भरपाई कोण देणार याची हमी नसेल, तर बहुतेक बंदरं टँकरला आत घेत नाहीत. ही हमी देतात पी अँड आय क्लब, म्हणजे जहाजमालकांनी मिळून चालवलेले परस्पर विमा संघ. त्यांतल्या बारा मोठ्या क्लबांच्या गटाकडे जगातल्या सागरी जहाजांच्या टनेजपैकी सुमारे ९० टक्के विमा आहे, आणि या गटाचं वजन लंडन आणि पश्चिम युरोपाकडे झुकलेलं आहे.

५ डिसेंबर २०२२ ला जी-७, युरोपीय संघ आणि ऑस्ट्रेलिया यांनी नेमकी हीच नाडी धरली. युरोपीय संघाने समुद्रमार्गे येणारं रशियन कच्चं तेल स्वतःपुरतं बंद केलं. बाकीच्यांसाठी अट घातली, की पिंपाला ६० डॉलर किंवा त्याहून कमी भावाने घेतलं असेल तरच आमचा विमा, आमची जहाजं आणि आमच्या वित्तसेवा मिळतील. म्हणजे तेल थांबवायचं नव्हतंच! मार्च २०२२ मध्ये ब्रेंट, म्हणजे जगभर भावाचा मापदंड मानलं जाणारं तेल, १३० डॉलरच्या वर गेलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. रशियाचं तेल खरोखर बाजारातून उठलं असतं, तर ते भाव निर्बंध लावणाऱ्यांच्याच मतदारांना भरावे लागले असते. तेल वाहू दे, पैसा कमी जाऊ दे, असा तो डाव होता.

सुरुवातीला तो बऱ्यापैकी चालला. २०२३ च्या आरंभी रशियाचं उरल्स तेल ब्रेंटपेक्षा पिंपामागे ३० डॉलरच्या आसपास स्वस्त जात होतं. मग पळवाटा निघाल्या. भंगारात जायच्या वयाचे टँकर विकत घेऊन त्यांचा वेगळाच ताफा उभा राहिला. झेंडा बदलायचा, विमा कधी न ऐकलेल्या कंपनीचा दाखवायचा, भर समुद्रात एका जहाजातून दुसऱ्यात तेल ओतायचं. 'मर्यादेखालीच घेतलं' असं लेखी द्यायचं आणि वरचे पैसे भाड्यात किंवा इतर खर्चात घालायचे. कागदाच्या धंद्यातल्या माणसाला यात नवल काहीच नाही. भारताच्या आयातीत युक्रेन युद्धापूर्वी रशियन तेलाचा वाटा दोन टक्क्यांच्याही आत होता, २०२३ मध्ये तो एक तृतीयांशाच्या वर गेला. त्यातून निघालेलं डिझेल युरोपातही पोचलं. ही फट बुजवायचा निर्णय युरोपीय संघाने जुलै २०२५ मध्ये घेतला.

फुकट मात्र काही झालं नाही. बाल्टिक समुद्रातल्या प्रिमोर्स्कहून रॉटरडॅमला आठवडाभरात पोचणारा माल आता भारताकडे महिनाभराच्या प्रवासाला निघतो, म्हणजे तेवढ्याच तेलासाठी कितीतरी जास्त टँकर अडकतात. मधले दलाल, भाडं आणि सूट हे सगळं शेवटी रशियाच्या हिश्श्यातून वजा होतं. निर्बंधाकडे मी बंदी म्हणून न बघता एक बेढब कर म्हणून बघतो, फक्त तो वसूल करणारे खिसे भलतेच असतात.

आता बँका. यादीत नाव नसलेलेही का घाबरतात, ते एका अनुभवावरून सांगतो. एकदा आमच्या साध्या रसायनाच्या मालाचे पैसे बँकेने अडवले. जहाजाचं जुनं नाव निर्बंधांच्या यादीतल्या दुसऱ्या एका जहाजासारखं होतं, एवढंच. जहाजाचं नाव कितीदा बदललं तरी आयएमओ क्रमांक बदलत नाही, आणि तो वेगळा होता. हे पटवून द्यायला तीन आठवडे गेले. तेव्हा चिडलो होतो, पण बँकेचंही चूक नव्हतं. २०१४ मध्ये सुदान, इराण आणि क्यूबाशी संबंधित व्यवहारांपायी बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेला अमेरिकेत सुमारे ८.९ अब्ज डॉलर भरावे लागले. बँक फ्रान्सची, पण डॉलर न्यूयॉर्कमधून फिरले होते.

इराणच्या बाबतीत तर ही भीती सरकारांपेक्षा भारी ठरली. मे २०१८ मध्ये अमेरिका अणुकरारातून बाहेर पडली, युरोपला करार टिकवायचा होता. डॉलरला वळसा घालायला ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीने जानेवारी २०१९ मध्ये इन्स्टेक्स नावाची खास यंत्रणा काढली. तिच्यातून मार्च २०२० मध्ये वैद्यकीय सामानाचा एक व्यवहार झाला आणि २०२३ मध्ये ती गुंडाळली. तीन सरकारांची इच्छा एकीकडे, अमेरिकी बाजार गमवायला तयार नसलेल्या कंपन्या दुसरीकडे. टोटल ही फ्रेंच तेल कंपनी तर त्याआधीच इराणच्या साउथ पार्स वायुक्षेत्रातून बाहेर पडली होती.

गॅसचं गणित उलटं आहे. २०२१ मध्ये युरोपीय संघाच्या गॅस आयातीतला सुमारे ४५ टक्के वाटा रशियाचा होता आणि त्यातला बहुतेक नळातून यायचा. २०२२ मध्ये त्या नळाच्या गॅसवर युरोपने निर्बंध लावलेच नव्हते, हे पुष्कळांच्या ध्यानात नसतं. कॉक रशियाने फिरवला. रुबलमध्ये पैसे देण्याच्या वादावरून एप्रिलमध्ये पोलंड आणि बल्गेरियाचा पुरवठा तुटला. जूनपासून नॉर्ड स्ट्रीम ही रशियातून जर्मनीला जाणारी समुद्राखालची नळवाहिनी टप्प्याटप्प्याने आटत गेली आणि २६ सप्टेंबरला समुद्रतळाशी स्फोट झाले. ऑगस्टअखेर युरोपातला घाऊक भाव मेगावॉट-तासाला ३०० युरोच्या वर होता. तेलाला दुसरं गिऱ्हाईक आणि दुसरं जहाज मिळतं, नळाची दोन्ही टोकं जमिनीत रुतलेली असतात.

मग युरोपने जगभरातला एलएनजी, म्हणजे थंड करून द्रवरूपात जहाजाने नेता येणारा गॅस, वाटेल त्या भावाने उचलला. जर्मनीने विल्हेल्म्सहाफनला तरंगतं टर्मिनल त्याच डिसेंबरात सुरू केलं. आणि झळ बसली कुणाला? पाकिस्तानच्या एलएनजी निविदेला कुणी बोलीच लावली नाही, बांगलादेशने जुलैत हजर बाजारातली खरेदी थांबवली, आणि दोन्हीकडे वीज गेली. या भांडणाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता.

रशियालाही नळ पचला नाही. युरोपला गॅस देणाऱ्या यामाल भागातला गॅस चीनकडे वळवायला वाटच नाही, चीनला जाणारी 'पॉवर ऑफ सायबेरिया' नळवाहिनी पूर्वेकडच्या वेगळ्या क्षेत्रांतून निघते. गॅझप्रॉम या रशियन सरकारी गॅस कंपनीला २०२३ मध्ये ६२९ अब्ज रुबलचा तोटा झाला. (जाता जाता: १९८२ मध्ये रेगननी सोव्हिएत गॅसनळासाठी यंत्रं पुरवणाऱ्या युरोपीय कंपन्यांवर बंदी घातली, तेव्हा थॅचरबाईसुद्धा भडकल्या होत्या आणि नोव्हेंबरात ती मागे घ्यावी लागली. वाद जुनाच आहे.)

तेव्हा देखावा की खरं, हे आदेशाच्या मथळ्यावरून कळत नाही. मी सवलतींचं पान आधी उघडतो. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेने रुसाल या रशियन अ‍ॅल्युमिनियम कंपनीवर निर्बंध लावले आणि अ‍ॅल्युमिनियमचा भाव असा उसळला, की मुदत पुन्हा पुन्हा वाढवत जानेवारी २०१९ मध्ये ते उठवले. ऑक्टोबर २०२५ मध्ये रोझनेफ्ट आणि लुकॉइल या रशियन तेल कंपन्या अमेरिकेच्या यादीत आल्या, आणि काही दिवसांतच रोझनेफ्टच्या जर्मनीतल्या कंपन्यांना सूट देणारा परवाना निघाला. बर्लिनला इंधन पुरवणाऱ्या श्वेटच्या रिफायनरीत त्यांचा मोठा वाटा आहे.