युनिटची जबाबदारी घेताना

प्रिय मित्रा,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

पाथफाइंडर या मुलामुलींच्या ख्रिस्ती क्लबमधल्या एका युनिटची, म्हणजे छोट्या गटाची, जबाबदारी तू घेत आहेस, हे कळल्यावर मनापासून आनंद झाला. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळीने १९५० मध्ये या क्लबला अधिकृत मान्यता दिली. १० ते १५ वर्षांच्या मुलामुलींसाठी फ्रेंडपासून गाइडपर्यंत जे सहा वर्ग आखलेले आहेत, त्यांत प्रार्थना, सेवा, निसर्गाभ्यास आणि शिबिरकौशल्ये मुद्दाम एकत्र गुंफलेली आहेत. त्यामुळे सकाळी बायबल आणि दुपारी दोरी, अशी वाटणी तू मनातसुद्धा करू नकोस.

ही गुंफण सर्वांत स्पष्ट दिसते ती शिबिरातल्या शुक्रवारी. सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा पवित्र दिवस, सुरू होणार असतो, आणि त्याआधी तंबू उभे राहिले पाहिजेत, सरपण रचून झाले पाहिजे, दुसऱ्या दिवशीच्या जेवणाची तयारी उरकली पाहिजे. त्या घाईत कोण न सांगता दुसऱ्याच्या तंबूचे दोर ताणून देतो आणि कोण हळूच काढता पाय घेतो, हे शांतपणे पाहा. मात्र त्यावरून कोणाला सर्वांसमोर बोलू नकोस. काम वेळेत आटोपून सारे उपासनेला बसले की विसावा ही देवाची देणगी आहे, हे मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

कौशल्य शिकवताना कारणही सांगत जा. रीफ नॉट ही गाठ बँडेज किंवा गाठोडे बांधायला चांगली, पण दोन दोर जोडून त्यांवर भार टाकायचा असेल तर ती सुटू शकते. तिथे शीट बेंड ही गाठ हवी. बोलाइन या गाठीचा फास ताण आल्यावर आवळत नाही, म्हणून माणसाला आधार देताना ती उपयोगी पडते. शेकोटी विझवताना पाणी ओतायचे, काठीने राख ढवळायची, पुन्हा पाणी ओतायचे आणि हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन ऊब उरली नाही ना, हे पाहायचे. आपल्यानंतर तिथे येणाऱ्या अनोळखी माणसाची काळजी घेणे म्हणजे शेजाऱ्यावर प्रीती करणेच होय, असे मला ठामपणे वाटते.

ऑनरचे, म्हणजे एखादे कौशल्य शिकल्याबद्दल मिळणारे, बिल्ले मुलांना फार प्रिय असतात आणि त्यात गैर काही नाही, परंतु केवळ बिल्ले लावायचा पट्टा भरावा म्हणून घाईने सही करू नकोस. गाठ आठवड्याने पुन्हा बांधायला सांग. जमली नाही, तर शेजारी बसून ती पुन्हा शिकव.

शेवटी एक विनंती. युनिटमधल्या प्रत्येक मुलासाठी नाव घेऊन रोज प्रार्थना कर, आणि जे मूल सर्वांत कमी बोलते, त्याचे नाव आधी घे.

तुझा हितचिंतक