बालगंधर्वांच्या तबकड्या हाती घेण्याआधी

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आजोळच्या माळ्यावर संगीत नाटकांच्या तबकड्यांचं खोकं सापडलं आणि त्यावरून बालगंधर्वांवर लिहायचं आहे, असं कळवलंस. जरूर लिही. फक्त ‘स्वर्गीय स्वर’, ‘सुवर्णकाळ’ असले शब्द पहिल्या खर्ड्यात नकोत. ते आले की लिहिणाऱ्याचं ऐकणं थांबतं.

आधी तबकड्यांची व्यवस्था. त्या लाखेच्या, म्हणजे ठिसूळ. आडवी चळत लावली तर खालची तडकते. जाड कागदी पाकिटात घालून उभ्या ठेव. पुसायला स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात वापरू नकोस. अल्कोहोलने लाख विरघळते, खाचा कायमच्या जातात. कपभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य लिक्विड सोपचा एक थेंब, मऊ ब्रश, खाचांच्या दिशेने गोल गोल. मधलं लेबल कोरडं राहू दे. मग नुसत्या पाण्याने धुऊन सावलीत वाळव. एलपीची, म्हणजे नंतरच्या व्हिनाइल तबकड्यांची, सुई लावू नकोस. ती साधारण ०.७ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) असते, खाचेच्या तळाशी घासते आणि खरखरच जास्त ऐकू येते. या तबकड्यांना ३ मिलची सुई लागते. हौस म्हणून चावीच्या ग्रामोफोनवरही लावू नकोस. त्याच्या जड डोक्याखाली तबकडी दर वेळी थोडी झिजते.

आता वेग. इथे भल्याभल्यांची फसगत होते. १९२५ नंतर विजेच्या मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रण सुरू झालं. त्याआधी गायक कर्ण्यासमोर गात आणि तबकडीचा वेग मिनिटाला ७० फेऱ्यांपासून ८० च्या वरपर्यंत कुठेही असे. ७४ वर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली की सूर जवळजवळ एका पट्टीने चढतो, पेटीवरची काळी एक पट्टी पांढरी दोन होऊन बसते. लयही तितकीच पळते. मग लेखात येतं, ‘काय ती चढी पट्टी, काय ती चपळ तान!’ करामत टर्नटेबलची, श्रेय गायकाला. ऑर्गनचा सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये लटकत असेल तर वेगाबद्दल शंका घे; शंकाच, कारण जुनी वाद्यं आजच्या पट्टीत लावलेली असतीलच असं नाही. त्याच गायकाची दुसरी तबकडी शेजारी लावून आवाजाची जात ताडून बघ. उच्चार घाईचे वाटले की वेग उतरव, आणि शेवटी कोणता वेग धरलास ते टिपून ठेव.

संगणकावर घेताना २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल कर आणि मूळ प्रतीला हात लावू नकोस. सफाई दुसऱ्या प्रतीवर, तीही बेताने. ‘स’ आणि ‘श’ खरखरीच्याच पट्ट्यात असतात. सॉफ्टवेअर दोन्ही पुसून टाकतं आणि पद बोबडं होतं.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावतात. रंगमंचावर वन्समोअर घेत घोळवलेलं पद तिथे कोंबलेलं असतं. तेव्हा तबकडीवरून बालगंधर्वांचा विस्तार मोजू नकोस. सुराचा लगाव, शब्दाची फेक, जागा कशी घेतली, एवढंच सांग.

सालांचा घोळ तर विचारूच नकोस. ‘मानापमान’चा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ चा, म्हणून त्यातल्या पदाची तबकडी १९११ ची ठरत नाही. लेबल पुढच्या आवृत्त्यांत बदलतं. लेबलाच्या कडेला लाखेत उमटलेला मॅट्रिक्स क्रमांक मात्र त्या ध्वनिमुद्रणाचा. दोन्ही उतरवून घे. जुन्या कागदांत तिथी आणि शक भेटतील. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. वरच्या प्रयोगाच्या दिवशी शक १८३२ चा फाल्गुन चालू होता. तिथे ७८ मिळवलेस तर ‘मानापमान’ १९१० मध्येच रंगमंचावर येतं!

८ जुलै १९२१ च्या ‘संयुक्त मानापमान’बद्दल, म्हणजे बालगंधर्व आणि गायक नट केशवराव भोसले यांनी एकत्र केलेल्या प्रयोगाबद्दल, हमखास कुणीतरी सांगेल की केशवराव वरचढ ठरले, किंवा बालगंधर्व. त्या काळी चालू प्रयोग मुद्रित करण्याची सोय नव्हती, आणि केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेले. सांगणाऱ्याचं जन्मसाल विचार. ‘ऐकलंय’ म्हणजे थिएटरात, रेडिओवर, तबकडीवर की वडिलांच्या तोंडून, तेही विचार. माहिती चौथ्या प्रकारची असेल तर तसं लिही, त्यात कमीपणा नाही.

लेबलावर बहुधा गायकाचंच नाव असतं. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा होते, सारंगीला कादरबक्ष. पण म्हणून प्रत्येक तबकडीवर तेच वाजवतात असं गृहीत धरू नकोस. साथीसाठी वहीत वेगळा रकाना आख. पुरावा नसेल तिथे नुसतं ‘सारंगी, नाव अज्ञात’ लिही. पहिल्या दहा तबकड्यांची यादी झाली की ती पाठव. लेख नंतर पाहू.

कळावे.