बाईंवर लिहायचं म्हणतेस तर

प्रिय बेटा,

तुझा मेसेज मिळाला. आजीच्या वर्षश्राद्धाला तिच्या शाळेतल्या शिक्षिकेच्या आयुष्यावर छोटीशी पुस्तिका काढायचं ठरवलंयस हे वाचून खूप बरं वाटलं. सोबतचा मजकूरही वाचला. त्यात त्यागमूर्ती आहे, ज्ञानदानाचं पवित्र कार्य आहे, सावित्रीची लेक आहे, आणि यातलं काही खोटं नाही गं, पण वरचं नाव बदललं की तोच मजकूर कुठल्याही बाईंच्या सत्काराला चालेल. तुझी आजी मला त्यात भेटलीच नाही.

शाळांच्या शताब्दी स्मरणिकांची कामं मी बरीच वर्षं करतेय म्हणून हक्काने सांगते, लिहायचं थांबव आणि आधी ती शिकवायची त्या शाळेत जा. मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज दे, त्यांच्यासमोर बसून जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही, बघ. जुने हजेरीपट मिळतीलच असं नाही, पण जनरल रजिस्टर शाळा कायम जपते. त्यात लोकांच्या जाती, जन्मतारखा सगळं असतं म्हणून पानांचे फोटो काढत बसू नकोस, वहीत टिपून घे. दोन शिक्षकी शाळा होती, म्हणजे बरीच पानं आजीच्याच अक्षरातली निघतील.

जन्मतारखेचा रकाना नीट बघ. ओळीने १ जून, १ जून दिसेल. घरी तारीख कुणाला ठाऊक नसायची, आई सांगायची आखाडात झाला, मोठा पूर आला त्या साली झाला, मग शाळा जूनमधे सुरू होते तर सहा वर्षं भरतील अशी तारीख बाई-गुरुजीच टाकायचे. आजही दर ३१ मेला सरकारी ऑफिसांत एवढी माणसं एकदम रिटायर होतात त्याचं कारण हेच. आजीने पेनाने लिहिलेल्या त्या एका ओळीवर कुणाची नोकरी लागली, कुणाची पेन्शन ठरली. हे पुस्तिकेत यायलाच हवं.

मग शेवटचे रकाने बघ, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण. मुलींच्या नावापुढे काय लिहिलंय, किती जणी चौथीनंतर गेल्या, एखादीचं नाव कमी करून पुन्हा दाखल केलेलं दिसतंय का? दिसलं तर तिला शोध. ती आता कुणाची तरी आजी असेल. तिला "बाई कशा होत्या" असं अजिबात विचारू नकोस, सगळे "लई मायाळू होत्या" एवढंच सांगतात आणि गप्प बसतात. तिला विचार, शाळेत परत कशी आलीस, घरी बोलायला कोण आलं होतं, वडील काय म्हणाले, धाकट्या भावाला कोण सांभाळायचं, त्याला कडेवर घेऊन वर्गात बसू द्यायच्या का.

१९७२ चं पण विचार. दुष्काळात माणसं खडी फोडायला कामावर जायची, पोरं त्यांच्याबरोबर, वर्ग रिकामे. सुकडी, म्हणजे सरकारी पौष्टिक कोरडा खाऊ, वाटली जायची, मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या, भाकऱ्या खाल्लेली माणसं अजून आहेत गावात. त्या वर्षी बाईंनी शाळा कशी चालवली हे त्यांनाच ठाऊक. आणि आणीबाणीत शिक्षकांना नसबंदीच्या केसेस आणायचं टार्गेट असायचं, त्यावर घरात काय बोलणं व्हायचं ते आजोबांना विचार, हा विषय अवघड आहे म्हणून गाळू नकोस.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांचं डहाणूजवळच्या कोसबाडचं आदिवासी मुलांच्या शिक्षणाचं काम आपण आज वाचू शकतो, मुलं गुरं राखायला जातात तर शाळाच कुरणात न्यायची हे त्यांनी करून दाखवलं आणि लिहूनही ठेवलं. तुझ्या आजीने एक ओळ लिहिलेली नाही. तिचं सगळं लोकांच्या डोक्यात आहे, आणि तिचे पहिले विद्यार्थीच आता सत्तरी गाठतायत. म्हणून घाई कर.

आता आईबद्दल. तुला आजी मिळाली ती रिटायर झालेली, निवांत, गोष्टी सांगणारी, दुपारी तुझी वेणी घालणारी. तुझ्या आईला ती तशी मिळाली नव्हती. बदली झाली की आई मामाकडे, वह्या तपासायच्या असल्या की "गप्प बस गं जरा", इलेक्शन ड्युटी आणि जनगणना तर वेगळीच. गावाच्या पोरींच्या घरी जाणारी बाई स्वतःच्या लेकीच्या शाळेत कितीदा गेली असेल? आई हे आपणहून बोलणार नाही, मी तिची जुनी मैत्रीण आहे, ओळखते तिला. पुस्तिकेसाठी म्हणून मुलाखत मागू नकोस, नुसती तिच्याजवळ बस, विचार आणि ऐक. ती म्हणाली छापू नको तर छापायचं नाही. पण तू ऐकलेलं असलंस की आजीवरचं तुझं प्रत्येक वाक्य वेगळं येईल.

रेकॉर्डिंग मोबाईलवर चालेल, फक्त पंखा बंद कर आणि प्रत्येक फाईलला माणसाचं नाव आणि तारीख दे. अर्जाचा मसुदा लिहून पाठव, मी बघून देते. मुख्याध्यापक सहसा नाही म्हणत नाहीत, मात्र परीक्षेच्या दिवसात जाऊ नकोस.

तुझी,
मावशी