लहान मुलांच्या मानसोपचार वॉर्डची इन्चार्ज म्हणून प्रेमाने वागले तर स्टाफ डोक्यावर बसत नाही का?

बसतो. दहातला एखादा बसतोच. तुम्ही कडक राहिलात तरी तो बसणारच असतो, फक्त तुमच्या पाठीमागे.

तुम्ही लिहिलंय की आठ कॉटच्या वॉर्डच्या नुकत्याच इन्चार्ज झालात, ट्रेनिंगमध्ये 'करुणामय नेतृत्व' शिकवलं आणि बाहेर पडल्यावर मॅट्रन म्हणाल्या, हे सगळं कागदावर ठीक आहे. त्या स्लाइड मीही पाहिल्यात. ब्रिटनमधले संशोधक मायकेल वेस्ट यांची चार पावलं: माणसाकडे लक्ष द्या, त्याची अडचण समजून घ्या, ती स्वतःला लागू द्या, मग मदत करा. त्यात चुकीचं काही नाही. पण इव्हिनिंगला एक सिस्टर, एक मावशी, आठ मुलं आणि घड्याळात सात, अशा वेळी ही चार पावलं कशी दिसतात ते मी एकदाच जवळून पाहिलंय. चुकलेली सिस्टर मीच होते.

२००९ चा पावसाळा. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. अकरा वर्षांचा एक मुलगा होता, बोलायचा नाही, एक स्टीलचं झाकण फरशीवर तासन् तास फिरवत बसायचा. झाकण फिरत फिरत आडवं होताना जो खणखणाट होतो, तो थांबला की परत. त्या आवाजावर त्याचा अख्खा दिवस तोललेला होता. हे आईला ठाऊक होतं, मॉर्निंगच्या सिस्टरला ठाऊक होतं, पण ड्युटी बदलताना वॉर्डची माहिती सोपवतात, त्या ओव्हरमध्ये मला कोणी सांगितलं नाही. ओव्हर म्हणजे काय, औषधं दिली, जेवला, संडास झाली, संपलं. त्या संध्याकाळी आई घरी फोन करायला खाली गेली आणि नवीन मावशीने बाकीची मुलं वैतागली म्हणून झाकण उचलून कपाटावर ठेवलं.

पुढचं तुम्हाला सांगायला नको. आधी त्याने डोकं भिंतीवर आपटलं, मग मी मधे हात घातला तर हाताला चावला. मनगटाच्या वर चार बोटांवर ती खूण अजून आहे. मी क्रेप बँडेजचे दोन रोल काढले आणि त्याचे दोन्ही हात कॉटच्या दांड्यांना बांधले. डॉक्टरांना फोन केला नाही. बांधून झाल्यावर मी नर्सिंग स्टेशनवर जाऊन बसले आणि बाकीच्या सात मुलांची औषधं काढायला लागले. हात थरथरत होता, गोळ्या ट्रेमध्ये पडत होत्या, पण मी काढतच राहिले.

आई वर आली. ओरडली नाही. खाली बसली आणि गाठ सुटेना म्हणून दातांनी सोडवायला लागली.

मावशीने कोणाला न विचारता इन्चार्ज बाईंना फोन केला होता. त्या क्वार्टर्समध्ये राहायच्या, ड्युटी चारलाच संपली होती. घरच्याच साडीत, ओल्या चपलांनी आल्या. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. स्टूल घेऊन कपाटावरचं झाकण काढलं, फरशीवर बसल्या आणि स्वतःच फिरवलं. त्यांना ते जमेना, दोनदा धपकन पडलं. तिसऱ्यांदा मुलाने ते त्यांच्या हातातून ओढून घेतलं. मग त्या माझ्याकडे वळल्या. नळाखाली माझा हात धरून साबणाने चोळून धुतला, टीटी दिलं, कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांकडून अँटिबायोटिक लिहून आणलं, आणि विचारलं, "जेवलीस का?" नव्हते जेवले. चहा मागवला.

चहा अर्धा झाल्यावर त्यांनी रजिस्टर पुढे सरकवलं. "बांधलं असं लिही. बांधलं म्हणजे बांधलं, 'मुलाला शांत केले' वगैरे नको." मी लिहिलं: ७.१० ते ७.३५, दोन्ही हात कॉटला बांधले, डॉक्टरांना कळवले नाही. सही केली. त्यांनी रजिस्टर आपल्याकडे ओढून त्याच पानावर खाली लिहिलं: 'आज इव्हिनिंगला दोन सिस्टर हव्या होत्या. एकीची रजा मी मंजूर केली, बदली दिली नाही. जबाबदारी माझी.' आणि सही.

मला वाटलं, सुटले. कसली सुटते. "चल," म्हणाल्या, "आता त्या बाईंशी बोल." माझ्यासोबत आल्या, पण माझ्या वतीने एक शब्द बोलल्या नाहीत. मी कसंबसं म्हटलं की माझं चुकलं. ती बाई म्हणाली, "सिस्टर, घरी आम्ही पण बांधतो त्याला. मला वाटलं, इथं तरी नाही बांधणार."

या वाक्यावर मी आजवर बरंच काही बोलून पाहिलंय, काही टिकत नाही.

आता माझ्या बॅचमेटचा विषय, कारण तुमचा प्रश्न हुबेहूब तिचा आहे. ती तेव्हापासून सांगते की त्या बाई मऊ होत्या म्हणून वॉर्ड बिघडला आणि त्या स्वतःही बुडाल्या. त्यांना मेमो मिळाला हे खरं. पुढच्या बढतीत त्यांचं नाव मागे पडलं हेही खरं. बॅचमेट पुढे दुसरीकडे इन्चार्ज झाली आणि तिच्या वॉर्डच्या रजिस्टरमध्ये वर्षानुवर्षं एकही मूल बांधल्याची नोंद नाही. हे ती प्रत्येक भेटीत ऐकवते. माझं उत्तर सोपं आहे: अगं, तुझ्या वॉर्डात मुलं बांधत नाहीत असं नाही, ते लिहायची कोणाची छाती नाही.

हे नुसतं माझं जळणं नाही. अमेरिकेत एमी एडमंडसन यांनी हॉस्पिटलच्या वॉर्डांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला होता, १९९६ साली तो छापून आला. अपेक्षा होती की चांगल्या टीममध्ये चुका कमी दिसतील. निघालं उलटं. जिथली प्रमुख नर्स चांगली, तिथे नोंदलेल्या चुका जास्त. कारण तिथे लोक सांगत होते, बाकीच्या ठिकाणी झाकत होते. मी हे बॅचमेटला वाचून दाखवलं तर म्हणाली, अमेरिकेचं वेगळं असतं. बरं, मग आपला कायदा घे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, कलम ९७: तात्काळ इजा टाळायला दुसरा कुठलाच मार्ग नसेल तेव्हाच बांधायचं, तेही जबाबदार मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने, शिक्षा किंवा धाक म्हणून कधीच नाही, आणि केवळ स्टाफ कमी आहे म्हणून तर नाहीच. हे शेवटचं वाचताना मला ते 'बदली दिली नाही' आठवलं. कायदा लागू झाला २०१८ च्या मे महिन्यात. आमच्या बाईंनी ते नऊ वर्षं आधी निळ्या पेनने लिहून ठेवलं होतं.

मी स्वतः इन्चार्ज झाल्यावर असंच वागले का? नाही. एका नवीन सिस्टरला कात्री मोजायची राहिली म्हणून मी तिला स्टेशनवर, पालकांसमोर झापलं. पुढे काही महिने वॉर्ड कसा शांत, शिस्तीत, सगळे "हो सिस्टर". मग एका मुलीच्या उशीखाली कंपासपेटीतली नको ती वस्तू सापडली. नशिबाने वेळेत. त्या मुलीचा रागरंग ठीक नाही हे दोन जणींच्या आदल्या दिवशीच लक्षात आलं होतं. माझ्यापर्यंत कोणीही आलं नाही, कारण आधी कोण बोलणार? म्हणजे बॅचमेटला मी जे ऐकवते ते मीही करून बसलेय, हे इथे लिहून ठेवते, तिला आयतं सापडायला नको.

कुठून सुरुवात करू असं विचारलंत. ओव्हरपासून. प्रत्येक मुलाचं एक 'झाकण' असतं, ते काय आहे आणि ते काढून घेतलं तर काय होतं, हे औषधांच्या आधी सांगायचं. दुसरं, तुमचा राउंड सकाळी साहेबांबरोबर होतोच, पण आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी सहा ते आठ वॉर्डात उभ्या राहा. तपासायला नव्हे, हाताखाली. मुलं सकाळी दहाला बिघडत नाहीत. आणि काही घडलं की त्याच ड्युटीत, घरी जायच्या आधी, त्या सिस्टरशी बसा. घाबरलेली, अपमान झालेली सिस्टर दुसऱ्या दिवशी मुलाला जास्त घट्ट धरते. मी धरलं होतं, म्हणून सांगते.

आणि मुलांसोबत राहणारी आई. त्याच कायद्याच्या कलम ८७ प्रमाणे मुलासोबत घरचं किंवा त्यांनी नेमलेलं माणूस पूर्ण वेळ राहतं, म्हणजे तुमच्या आठ कॉटखाली आठ चटयाही आहेत. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून रुग्णाबरोबर राहू दिलं होतं, तेव्हापासून ही आपल्याकडची जमेची बाजू आहे. आपण मात्र तिला गर्दी म्हणतो. झाकणाची माहिती चटईवर होती, केसपेपरवर नव्हती.

थोडं सांभाळूनही घ्या. मी म्हणते ते चुकलेल्या सिस्टरबद्दल. मुलाला मुद्दाम मारणाऱ्या, नको तिथे हात लावणाऱ्या माणसाला चहा पाजायचा नसतो. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पॉक्सो कायद्याखाली कळवणं बंधनकारकच आहे, तिथे करुणा वगैरे मधे आणू नका. मोठ्या वयाची, नशेतून आलेली मुलं हा वेगळाच प्रकार आहे, त्यात मी फार काम केलेलं नाही. आणि रिकाम्या जागा भरल्या जात नसतील तर तुमच्या चांगुलपणाने एकही जादा सिस्टर उगवणार नाही. ते वर लेखी कळवत राहा, पोच घेऊन.

डोक्यावर बसणाऱ्याचं काय ते राहिलंच. त्याला एकट्याला खोलीत बोलवा, तारखा समोर ठेवा आणि लेखी घ्या. आमच्या बाईंनीही एकाला असंच घालवलं होतं, बॅचमेट हे सोयीने विसरते.

ड्युटी लावायला कुठलं ॲप चांगलं हेही विचारलंत, त्यातलं मला काही कळत नाही. आम्ही अजून दोनशे पानी वहीत पेन्सिलीने आखतो.