व्हँकुव्हर बेटावर चार दिवसांत मासेमारी आणि भटकंती दोन्ही जमेल का?

ऑगस्टमध्ये जळगावहून येणाऱ्या आपल्या वडिलांना चार दिवसांत सामन मासा पकडणे आणि कॅनडातील हे बेट पाहणे जमेल का, असे आपण विचारले आहे. जमेल, मात्र संपूर्ण बेट पाहण्याचा हट्ट सोडावा लागेल. मुक्काम बेटावरील कॅम्पबेल रिव्हर या गावी ठेवावा. तेथे उन्हाळ्यात चिनूक सामन येतो, आणि ३० पौंड किंवा त्याहून जड चिनूकला ‘टायी’ म्हणतात. १९२४ साली स्थापन झालेल्या टायी क्लब या मासेमारांच्या मंडळाचे सदस्यत्व हवे असेल, तर तो वल्ह्यांच्या होडीतूनच पकडावा लागतो. तापीकाठी निवांत गळ टाकणाऱ्यांना एवढी दगदग नको असेल, तर गावातील डिस्कव्हरी पिअर हा धक्का उत्तम. समुद्रातील मासेमारीचा परवाना आधीच ऑनलाइन काढावा, सामनसाठीच्या गळाला उलटा दात नसावा, आणि कोणता मासा ठेवता येईल हे निघण्यापूर्वी तपासावे, कारण हे नियम भर हंगामातही बदलतात.

परतताना थोडी वाट वाकडी करून कॅथेड्रल ग्रोव्ह या जुन्या वनातील सुमारे ८०० वर्षांचे डग्लस फर वृक्ष अवश्य पाहावेत. बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील टोफिनो गावाला पूर्ण दिवस लागतो, आणि खानदेशी उन्हाची सवय असलेल्यांनी तेथे ऑगस्टमध्येही स्वेटर जवळ ठेवावा.