बंदुकीचा परवाना सहज मिळाला तर गुन्हेगार वचकून राहतील का?

अमेरिकेसारख्या घरोघरी बंदुका असत्या तर चोर-गुंड घाबरले असते, असं तुमचं म्हणणं. मी ग्वाल्हेरचा, तिथल्या लष्कर नावाच्या भागातला. इथे खांद्याला दुनाली, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, लावून लग्नाला आलेल्या पाहुण्याकडे कुणी वळूनही बघत नाही, म्हणून लिहितोय.

आमच्या काकांकडे बारा बोअरची दुनाली होती. बंदूक कपाटात, काडतुसं देवघराच्या खणात आणि किल्ली काकूच्या कमरेला. चोर आलाच असता तर आधी काकूला उठवावं लागलं असतं! बंदूक बाहेर निघायची तेल द्यायला, नाहीतर निवडणुकीत ठाण्यात जमा करायला. आचारसंहिता लागली की ही रांग. भिंतीशी बंदुका छत्र्यांसारख्या टेकवलेल्या, प्रत्येकीला सुतळीने बांधलेली चिठ्ठी. मतदानाच्या दिवसांत सरकारला धास्ती असते ती या परवानेवाल्या, सभ्य माणसांच्या बंदुकांची.

दुसरं म्हणजे हर्ष फायर, आनंदाच्या भरात केलेला गोळीबार. आमच्या गल्लीतल्या एका वरातीत गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला भोक पडलं. शेजारच्या वहिनी तिथून नुकत्याच खाली उतरल्या होत्या. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने अशा गोळीबाराला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वरातवाल्यांना कोण सांगणार?

अमेरिकेत बंदूक हा 1791 पासून घटनेतला हक्क. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार ती परवानगी आहे, आणि गरज दाखवावी लागते. पण आमच्या भागात गरजेपेक्षा हौस दांडगी. 2008 मध्ये शेजारच्या शिवपुरीत नसबंदी करणाऱ्याला परवान्याचं आमिष दाखवलं होतं. 2019 मध्ये ग्वाल्हेरात अर्जदाराला 10 झाडं लावायला सांगितलं. ज्याच्या जिवाला खरंच धोका आहे तो खड्डे खणत बसेल का, तुम्हीच सांगा.

मात्र परवाने आवळले की गुन्हे थांबले, असंही नाही. गावठी कट्ट्याला, म्हणजे चोरून बनवलेल्या पिस्तुलाला, कुठला आलाय परवाना? त्यासाठी चोरून कट्टे बनवणाऱ्यांवरच पोलिसांचा हात पडायला हवा. आणि बंदूकवाल्या पहारेकऱ्याला काठीवाल्यापेक्षा पगार जास्त, म्हणून पोटासाठी परवाना काढणारी मुलंही इथे आहेत. त्यांना मी नावं ठेवणार नाही.

काका गेल्यावर चुलतभावाने परवाना स्वतःच्या नावावर करून घेतला नाही. दुनाली रीतसर जमा करून आला. नूतनीकरणाचे खेटे कोण घालणार, म्हणाला.