प्रवासाआधी फ्लू आणि कोविडची लस : एकदम की वेगवेगळी?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. वडिलांच्या पंचाहत्तरीसाठी १८ डिसेंबरला पुण्याला निघायचं आहे. इथल्या फार्मसीत फ्लू आणि कोविड दोन्ही लसी एकाच भेटीत देऊ म्हणतात. सासूबाई म्हणतात, शरीरावर एकदम एवढा भार नको, मध्ये पंधरा दिवस जाऊ द्या. मी ४१ वर्षांची, त्या ७२ वर्षांच्या, त्यांना मधुमेह आहे. कुणाचं ऐकायचं?

उत्तर : फार्मसीचं. पण सासूबाईंनी ते पंधरा दिवस हवेतून काढलेले नाहीत. कोविडच्या लसी नव्या होत्या तेव्हा अमेरिकेत दुसऱ्या कुठल्याही लसीपासून १४ दिवसांचं अंतर ठेवायला सांगत असत. पुरेशी माहिती हाती नव्हती म्हणून घेतलेली ती खबरदारी होती; मे २०२१मध्ये अट काढली. त्याच वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये दोन्ही लसी एकाच दिवशी देऊन पाहिल्या. दोन्हींचा प्रतिसाद टिकून राहिला, सुरक्षेबाबत काळजीचं काही आढळलं नाही. अमेरिकेतल्या २०२२च्या पाहणीत फक्त कोविडचा बूस्टर घेणाऱ्यांपेक्षा दोन्ही एकदम घेणाऱ्यांत थकवा, डोकेदुखी, अंगदुखी यांची शक्यता ८ ते ११ टक्क्यांनी जास्त दिसली. या तक्रारी बहुतेक सौम्य होत्या. दोनदा कणकण सोसण्यापेक्षा एकदाच थोडी जास्त सोसलेली बरी, असं आमचं मत.

खरी काळजी घ्यायची ती तारखेची. लस टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. १८ डिसेंबरचं उड्डाण असेल तर २० नोव्हेंबर ते ४ डिसेंबर हा काळ उत्तम. ऑगस्टमध्येच उरकून घेऊ नका. फ्लूच्या लसीचा जोर महिन्यागणिक ओसरतो, वयस्कर माणसांत जरा लवकरच. आणि ‘फ्लू तर अमेरिकेतला, पुण्यात कशाला हवी लस’ असंही नाही. भारतात पावसाळ्यातल्या लाटेखेरीज जानेवारी ते मार्चमध्येही फ्लू डोकं वर काढतो.

सासूबाईंसाठी वेळ ठरवतानाच विचारा : ‘६५ वर्षांवरची लस आहे का?’ फ्लूझोन हाय-डोस, फ्लुॲड आणि फ्लूब्लॉक या तिघींपैकी एक त्यांना मिळायला हवी. हाय-डोसमध्ये प्रत्येक विषाणूचे ६० मायक्रोग्रॅम प्रतिजन (शरीराला विषाणूची ओळख करून देणारा घटक) असतात, साध्या लसीत १५. तिन्ही शिल्लक नसतील तर मात्र साधीच घ्या, वाट पाहत बसू नका.

टोचताना एक दंड फ्लूला, दुसरा कोविडला. कुठल्या लसीनं सूज आली ते मग कळतं. हाय-डोस किंवा फ्लुॲड असेल तर हे विशेष पाळावं, कारण त्या दंड जास्त दुखवतात. एकाच दंडात घ्यायची वेळ आली तर दोन टोचण्यांमध्ये किमान एक इंच अंतर हवं. जास्त दुखते ती बहुधा कोविडची. ज्या कुशीवर झोपता ती बाजू तिच्यासाठी नको. बाही खांद्यापर्यंत सहज वर जाईल असे कपडे घाला. घट्ट बाही अर्धवट गुंडाळली की सुई नको तिथे बसते : फार वर गेली तर खांद्याच्या सांध्याजवळ, आणि मग तो खांदा महिनोन्‌महिने त्रास देऊ शकतो. लस घेतल्यावर १५ मिनिटं तिथेच बसा.

पॅरासिटामॉल आधीच घेऊन जाऊ नका. ताप किंवा अंगदुखी आली तर ५०० मिलिग्रॅमची गोळी, गरज पडल्यास सहा-सहा तासांनी. यकृताचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून. सर्दीच्या बहुतेक तयार गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतंच. वेष्टन वाचलं नाही तर नकळत दुप्पट पोटात जातं. मधुमेहात तापामुळे साखर दोन दिवस वर जाऊ शकते, तेव्हा ग्लुकोमीटर हाताशी असू द्या. बगलेत अवधाण (सुजलेली गाठ) आलं तर घाबरू नका, ते काही दिवसांत बसतं. मॅमोग्राफी ठरलेली असेल तर तिथे लसीची तारीख आणि बाजू सांगा. छातीत दुखणं, धाप लागणं, धडधडणं हे मात्र अंगावर काढू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : आम्ही नाशिकचे. ऑक्टोबरअखेर मुलीकडे डॅलसला सहा महिन्यांसाठी जाणार. जूनमध्ये इथे फ्लूची लस घेतली. परत घ्यावी का? आणि कोविडची कुठे घ्यायची?

उत्तर : जूनमध्ये तुम्हाला मिळाली ती बहुधा दक्षिण गोलार्धाची लस. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीचे घटक ठरवते : फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिणेसाठी. आपल्याकडे दोन्ही येतात. खोक्यावर ‘एसएच’ (दक्षिण गोलार्ध) आणि एकच वर्ष, किंवा ‘एनएच’ (उत्तर गोलार्ध) आणि जोडवर्ष छापलेलं असतं. टोचण्याआधी ते वाचा, सोबत मुदतही. कधी दोन्हींचे घटक सारखे निघतात, कधी एखादा बदलतो. तुमचा मुक्काम अमेरिकेच्या ऐन फ्लूच्या हंगामात आहे आणि जूनचं संरक्षण तोवर उतरलेलं असेल, म्हणून उत्तर गोलार्धाची घ्यावी. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात नाशिकमध्ये मिळाली तर तिथेच.

कोविडची लस खासगी दवाखान्यात मिळेलच असं नाही. फोन करून खात्री करा, आणि ती चालू उपप्रकारांवर बेतलेली आहे का, तेही विचारा. नसेल तर डॅलसला उतरल्यावर घ्या. फ्लूच्या लसीपासून अंतर राखायची गरज नाही. प्रवास-विमा सहसा असल्या लसीचे पैसे देत नाही, त्यामुळे मुलीला आधीच दोन-तीन फार्मसींत भाव विचारायला सांगा. फरक बराच असतो. डॉक्टरांची चिठ्ठी लागेल का, हेही त्याच फोनवर. व्हिसा किंवा विमानासाठी ही लस आता लागत नाही. परदेशी प्रवाशांवरची ती अट अमेरिकेनं मे २०२३मध्ये उठवली.

प्रश्न : आमच्याकडे डॉक्टर फ्लूची चार विषाणूंची लस देतात, अमेरिकेत भावाला तीनची दिली. त्याची फसवणूक झाली का?

उत्तर : नाही. वगळलेला चौथा म्हणजे बी-यामागाता हा फ्लूच्या विषाणूचा प्रकार. मार्च २०२०नंतर तो जगात कुठेही खात्रीनं सापडलेला नाही. अमेरिकेत २०२४-२५पासून तीनचीच लस मिळते.

प्रश्न : वडील रक्त पातळ होण्याची गोळी घेतात. दोन सुया चालतील?

उत्तर : चालतील. गोळी स्वतःहून बंद करू नका. लस टोचणाऱ्याला मात्र आधी सांगा. २३ गेजची किंवा त्याहून बारीक सुई वापरतात आणि नंतर जागा किमान दोन मिनिटं दाबून धरायची असते. चोळायची नाही. चोळल्यानं काळंनिळं होऊ शकतं. वॉर्फरिन घेत असतील तर अलीकडचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) ठीक आहे ना, हे पाहून जा.

प्रश्न : नातू चार वर्षांचा आहे, फ्लूची लस पहिल्यांदाच घेणार. आम्ही तीन आठवड्यांनी सिंगापूरला निघतोय.

उत्तर : सहा महिने ते आठ वर्षांच्या मुलांना पहिल्या खेपेला दोन डोस लागतात, मध्ये चार आठवडे. तीन आठवड्यांत दोन्ही बसत नाहीत. पहिला आजच द्या, दुसरा परत आल्यावर. अर्धवट संरक्षणावर जाण्यात धोका नाही, पण भरवसा त्याच्यावर ठेवू नका.

प्रश्न : कामासाठी नागपूरहून नैरोबीला जायचं आहे. यलो फीव्हरही घ्यायची आहे. तिन्ही एकत्र?

उत्तर : हो, वेगवेगळ्या जागी. यलो फीव्हरची लस जिवंत विषाणूची असली तरी टोचायच्या फ्लू आणि कोविडच्या लसींचं तिच्याशी वावडं नाही. नाकात फवारायची फ्लूची लस मात्र जिवंत असते; ती त्याच दिवशी घ्या, नाहीतर चार आठवड्यांनी. यलो फीव्हर फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, तिथे ठराविक वारीच देतात. प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात आणि ते आयुष्यभर चालतं. ते नसेल तर परतताना भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. वय ६० पार असेल तर ही लस घ्यावी का, ते आधी डॉक्टरांशी बोलून ठरवा.

प्रश्न : उड्डाणाला तीनच दिवस उरलेत. आता काय उपयोग?

उत्तर : मुक्काम तीन आठवड्यांचा असेल तर आजच घ्या, उरलेल्या दिवसांचं संरक्षण तरी मिळेल. चार दिवसांतच परत यायचं असेल तर परतल्यावर घेतली तरी चालेल. विमानाच्या आदल्या दिवशी मात्र नको. मधल्या सीटवर सोळा तास अंगात कणकण घेऊन बसणं नकोसं होतं, आणि तो ताप लसीचा की खऱ्याच आजाराचा, हे तुम्हालाही कळत नाही, शेजारच्यालाही नाही. सध्या ताप असेल तर आधी बरे व्हा. नुसती सर्दी असेल तर अडचण नाही. गेल्या तीन महिन्यांत कोविड होऊन गेला असेल तर ती लस पुढे ढकलता येते, फ्लूची तेवढी घ्या.